मोझेस थळकरांचा परिचय

मोझेस थळकरांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणंही चांगली शोधून ठेवली होती. आधी म्हणायचो, ते अजून दोह्यात आहेत, उगाच त्यांना त्रास नको. मग ते अलिबागजवळ थळला आपल्या घरी परतले. तेव्हा म्हटलं, निवांत चाललंय त्यांचं, कशाला ढवळा. गेल्या वर्षी दोह्यातल्या आमच्या दळवींचा फोन आला, "साहेब, आपले मूसाभाई थळकर गेले." त्यानंतर माझ्याकडे एकही कारण उरलं नाही.

फुटबॉलचा वर्ल्डकप कतारला मिळाला आणि दोह्याच्या मुशैरिब भागातल्या आमच्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात माणसांची रीघ लागली. थळकर त्या लाटेत मुंबईहून आले. प्लॅनिंग विभागात. किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाळ्यातही मनगटाची बटणं लावलेली. त्यांच्याकडे एक कंटाळवाणं काम होतं: स्टेडियमच्या प्रकल्पात कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवणारा तक्ता बनवायचा. ठेकेदार बदलायचे, साहेब बदलायचे, तक्ताही बदलायचा. इतरांना ते काम शिक्षा वाटायचं. थळकर मात्र त्यात रमायचे. "भालेरावसाहेब," ते मला म्हणायचे, "माणसं खोटं बोलतात, चौकोन बोलत नाहीत. कोणाला चौकोन दिलाय आणि कोणाला नाही, एवढं बघा. संस्था कळते."

त्यांचं स्वतःचं मात्र कुणालाच कळत नव्हतं. ऑफिसातले गोव्याचे लोक त्यांना आपला ख्रिस्ती समजत आणि नाताळला केक आणून देत. आम्ही मराठी मंडळातले त्यांना कोकणातला कुणीतरी, बहुधा ख्रिस्तीच, समजत होतो. रायगडातल्या म्हसळ्याचे कोकणी मुसलमान दळवी, ज्यांचं दोह्यात सुकामेव्याचं दुकान होतं, ते त्यांना मूसाभाई म्हणत. मोझेसचं अरबीत मूसा होतं, म्हणून ऑफिसातले अरब सहकारीही मूसाच म्हणत. थळकर केक खात, गणपतीची आरती टाळ्या वाजवत ऐकत, ईदला दळवींच्या घरी शेवया खात. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. ते खोटं एकदाही बोलले नाहीत, हे मला पुढे आठवून आठवून तपासावं लागलं.

खुणा तशा होत्या. ते कोळंबी खात नसत. आमच्याकडे दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोने, शैलाने मुद्दाम कोळंबीचं कालवण केलं होतं, कोकणातला माणूस म्हणून. त्यांनी वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.

"थळचे तुम्ही, आणि कोळंबी खात नाही?" शैलाच्या मनाला ते लागलं. "आमच्या नाशकातसुद्धा खातात हो."

"वहिनी, मला खवल्यांचा मासा चालतो. पापलेट केलंत तर सगळं संपवीन. सुरमई करू नका, तिच्या खवल्यांवरून आमच्या घरात दोन तट आहेत."

दुसरी खूण दाराशी होती. कुणाच्याही घरी आत येताना त्यांचा उजवा हात चौकटीला लागायचा आणि मग ओठांपाशी जायचा. शैलाला वाटायचं, गुडघे दुखत असतील, आधार घेतात. ती त्यांना तेल लावायला सांगायची. आणि तिसरी खूण शनिवार. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी त्यांना कधीही बोलवा, ते साइटवर यायचे. पण सूर्य कलला की घड्याळ बघायचे आणि शनिवारी फोनसुद्धा उचलायचे नाहीत.

एकदा जेवणानंतर सोलकढी पिता पिता तेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण मटणावर मी दही का घेत नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही. नारळाचं चालतं. कोकणात उतरवताना देवाने आमची सोय आधीच करून ठेवली होती."

मग त्यांनी सांगितलं. ते ज्यू. बेने इस्राएल. शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, वाचलेली माणसं कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. "सगळं विसरले हो ते. भाषा विसरले, प्रार्थना विसरले. प्रार्थनेतली एक ओळ आठवत होती, आणि शनिवार आठवत होता. तेवढ्यावर टिकलो."

"आणि तुम्ही कतारला आलात?" मी विचारलं.

"शनिवारी सुट्टी देणारा देश मिळत होता, साहेब. मुंबईत कुठे मिळाली असती?"

त्यानंतर ते आमच्या घरी मोकळे झाले. त्यांचा खरा विषय तेव्हा बाहेर आला. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात ज्यूंनी एक जागतिक संघटना उभारली होती, आपल्या लोकांना आपला देश हवा म्हणून. तिचा इतिहास आणि तिची रचना हा थळकरांचा आयुष्यभराचा नाद होता. ते त्या संघटनेचे भक्त नव्हते आणि शत्रूही नव्हते. त्यांचे आजोबा तिच्या मुंबई शाखेचे सभासद होते, म्हणून तो त्यांच्या घरचाच विषय होता.

"वहिनी, परात द्या जरा," ते म्हणायचे, आणि आमचं जेवणाचं टेबल भरून जायचं. परात म्हणजे काँग्रेस, जगभरचे प्रतिनिधी ठरावीक वर्षांनी जमायचे ती महासभा. पातेलं म्हणजे मधल्या काळात काम बघणारी मोठी समिती. वाटी म्हणजे कार्यकारिणी, रोजचा कारभार. दोन डबे वेगळे: एक जमीन घ्यायचा निधी, दुसरा वस्ती वसवायचा. मग देशोदेशींचे संघ म्हणून ताटल्या, त्यांखाली शाखा म्हणून चमचे. सगळ्यांत खाली एक वाटाणा ठेवायचे.

"हा माझा आजा. अलिबागला कंपाउंडर. वर्षाची वर्गणी भरायचा, तिला जुन्या नाण्याचं नाव होतं, शेकेल. शेकेल भरला की प्रतिनिधी निवडायचं मत मिळायचं. साहेब, त्या काळात आमच्या कंपाउंडरला आपल्या देशात मत नव्हतं. पण तिकडे युरोपातल्या सभागृहात कोण बसणार, ते ठरवायला होतं. मला लहानपणी या गोष्टीचं फार अप्रूप वाटायचं. या टोकाचा वाटाणा त्या टोकाची परात हलवतो."

"हलली का पण?" शैला विचारायची.

"खरं सांगू? नाही. आजोबांचं एक म्हणणं होतं, आम्हाला इथून कुणी हाकललेलं नाही, मग परत कुठे जायचं? युरोपातल्यांना पळायचं होतं, जीव वाचवायचा होता, ते त्यांना कळायचं. रडायचे ते बातम्या ऐकून. घरात त्या जमिनीच्या निधीचा निळा पत्र्याचा डबा होता, त्यात दर शुक्रवारी नाणं टाकायचे. पण आपण जायचं म्हटलं की म्हणायचे, घरचा घाणा कोण बघणार?"

थळकरांचा धाकटा भाऊ आईला घेऊन इस्राएलला गेला. थळकर राहिले. तिथे सुरुवातीच्या काळात गेलेल्या बेने इस्राएलांना कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? हे सांगताना थळकरांचा आवाज चढत नसे. उलट ते चमचा उचलून बाजूला ठेवायचे. "ते धर्मपीठाने विचारलं. संघटनेने नाही. तो चौकोन वेगळा. रागाच्या भरात तक्ता चुकवायचा नाही."

त्यांची ही शिस्त मी ऑफिसातही पाहिली. प्रकल्पाच्या तक्त्यात सगळ्यांत खाली एकच लांबट चौकोन असे, 'कामगार'. थळकरांनी त्यात मुकादमांची नावं घातली: बिहारचा, नेपाळचा, केरळचा. साहेबाने ती काढून टाकली, पान मोठं होतं म्हणून. पुढच्या तक्त्यात नावं परत आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. शेवटी साहेब कंटाळला आणि नावं राहिली. थळकरांनी त्या दिवशी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर अबू सामी बसायचा. सर्व्हेअर, पॅलेस्टिनी, जन्म निर्वासितांच्या वस्तीतला. दोघांची इंग्रजी सारखीच मोडकी आणि चहा सारखाच काळा. त्याने थळकरांना एकदा जुम्म्याच्या नमाजाला चलायचा आग्रह केला. थळकर म्हणाले, "बस. तुला एक सांगायचंय." आणि सांगितलं. संघटनेचं, आजोबांचं, निळ्या डब्याचंसुद्धा.

अबू सामी उठून गेला. काही दिवस त्याने थळकरांकडे पाहिलंही नाही. मला थळकरांनी हे सांगितलं तेव्हा मी घाबरलो. "हे बोलायची काय गरज होती? उद्या त्याने कुणाला सांगितलं तर?"

"तो मला भाऊ म्हणत होता, साहेब. दुसऱ्याच कुणाला तरी म्हणत होता असं नको वाटलं."

मग एका सकाळी अबू सामीने त्यांच्या टेबलावर चहा ठेवला. "मूसा, गार होतोय." एवढंच. पुढे तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या गावात त्यांची ऑलिव्हची तेलघाणी होती. दगडाचं जातं, गाढव फिरवायचं. गाव आता राहिलं नाही. थळकरांनी त्याला आपल्या घाण्याचं सांगितलं, लाकडाचा, बैलाचा. मग दोघं जेवणाच्या सुट्टीत जात्यांच्या मापांवरून भांडू लागले. अबू सामी भांडायला लागला, म्हणजे सगळं ठीक झालं होतं.

मी मराठी मंडळाचा कार्यवाह होतो. महिन्यातून एकदा दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या एका कुटुंबाच्या व्हिलात आमची बैठक भरायची. एखादा सभासद आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचा, मग चहा आणि साबुदाणावडे. थळकर एकदा मला म्हणाले, "मला एकदा बोलू द्या. आजोबांच्या संघटनेवर. तिचा इतिहास, तिची रचना आणि तिच्या तक्त्यात काय चुकलं ते. आणि आधी मी कोण ते. आयुष्यात मराठी माणसांसमोर, मराठीत, हे एकदा उभं राहून सांगायचंय. मुंबईत कुणी विचारलं नाही, इथे तुम्ही निदान ऐकून घेतलंत."

"काय चुकलं तक्त्यात?"

"सगळे चौकोन काढले. ठरावांत शब्द होते त्यांच्याबद्दल, चांगले शब्द होते, पण चौकोन नव्हता. त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या अरबांचा. अबू सामीला मी बोलावलंय. त्याच्यासमोर बोलायचंय. त्याला मराठी कळणार नाही, पण मी चौकोन काढीन ते कळतील."

मी हो म्हटलं. आणि बैठकीच्या आधीच्या आठवड्यात मी घाबरलो. माझ्या कराराचं नूतनीकरण व्हायचं होतं. मंडळाला कुणी काही म्हणेल, कंपनी काही म्हणेल, असं वाटू लागलं. कुणीही काही म्हटलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहितो. ना कंपनीने, ना कतारमधल्या कुणी अधिकाऱ्याने, ना मंडळातल्या कुणी. मी कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित लोक हो म्हणाले असते, आणि मग मला घाबरायला जागा राहिली नसती.

आपल्याकडे वक्त्याच्या आधी परिचय करून देणारा उभा राहतो. तो बोलून झाला की वक्ता त्याचे आभार मानतो आणि त्याने बांधून दिलेल्या चौथऱ्यावर उभा राहतो. कुणी वक्ता परिचय खोडून काढत नाही, ते असभ्य दिसतं. ही रीत मला माहीत होती. मी तिचा उपयोग केला.

व्हिलाचा दिवाणखाना भरला होता. पुढे दळवी सहकुटुंब, मागे खुर्चीवर अबू सामी, इस्त्रीच्या शर्टात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आजचे वक्ते श्री. मोझेस थळकर. कोकणातले आपले ख्रिस्ती बांधव. आजचा त्यांचा विषय, कोकणातले तेलघाणे."

थळकर खडूसारखं हातातलं मार्कर या बोटांतून त्या बोटांत फिरवत होते. ते थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तक्त्यात नवा चौकोन दिसल्यावर पाहायचे तसं. मग म्हणाले, "भालेरावसाहेबांचे आभार," आणि फळ्याकडे वळले.

ते तेलघाण्यावर बोलले. खरंच बोलले. लाट, म्हणजे घाण्यात फिरणारा दांडा, कुठल्या लाकडाची, बैलाच्या डोळ्यांवर झापड का, ओल्या तिळाचा वास कसा कळतो. आजीने घाण्याच्या कडेला निजवलेल्या पोरांची गोष्ट सांगितली आणि बायका हसून हसून थकल्या. त्यांनी फळ्यावर घाणा काढला. मग त्याच्या बाजूला दगडाचं एक जातं काढलं आणि त्याला जुंपलेलं गाढव. मराठीत एवढंच म्हणाले, "आणि असाही एक घाणा असतो. दुसऱ्या एका समुद्राच्या काठी. तोही कुणाच्या तरी आजोबांचा."

मागे अबू सामी खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं, गाढव उलट्या दिशेने फिरतं. थळकरांनी गाढव पुसलं आणि उलटं काढलं.

चहाच्या वेळी दळवी वडा घेऊन आमच्यापाशी आले. "मूसाभाई, काय बोललात हो. पण तेल्यांचं सगळं सांगितलंत, शनिवारचं राहिलं की." मग माझ्याकडे वळून, "साहेब, ख्रिस्ती कुठून काढलंत तुम्ही? आमच्या म्हसळ्याला शनिवार तेल्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. त्यांचा मलिदा खाऊन मोठा झालो मी. आल्या दिवसापासून माहितेय मला, त्यांच्याही घरी आत येताना हात असाच चौकटीला लागायचा. म्हटलं, त्यांना वाटेल तेव्हा सांगतील."

आजूबाजूला चार माणसं ऐकत होती. कुणी दचकलंही नाही. एक बाई म्हणाली, "अगंबाई, ज्यू का तुम्ही? मग मलिद्याची रेसिपी द्या ना." थळकर हसले. बैठक पांगत आली होती, मार्कर कुणीतरी खिशात घालून नेलं होतं, फळा पुसला गेला होता. त्यांना मागायचं होतं ते उभं राहून, सगळ्यांसमोर. ते वड्याच्या बशीबरोबर मिळालं.

माझं नूतनीकरण झालं. ते कधी धोक्यातच नव्हतं. थळकर माझ्याशी पूर्वीसारखेच वागले; घरी येत, चौकटीला हात लावत, फक्त परात मागत नसत. शैलाने एकदा विचारलं, "भाऊजी, परात विसरलात का?" ते म्हणाले, "पाठ झालीय आता तुम्हाला." तिला मी तेव्हा काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय. तिने उठून कपाटातून परात काढली आणि घासायला घेतली.

पुढे कधीतरी, जेवणाच्या सुट्टीत, मी मीटिंग रूमच्या काचेबाहेरून जात होतो. आत थळकर, अबू सामी आणि आणखी तीन-चार जण, एक नेपाळी मुकादमही. फळाभर चौकोन होते. सगळ्यांत वर महासभा, सगळ्यांत खाली एक वाटाण्याएवढा ठिपका. त्या ठिपक्याच्या शेजारी एक मोठा चौकोन होता, रिकामा. थळकरांनी मार्कर अबू सामीच्या हातात दिलं आणि ते स्वतः खुर्चीवर जाऊन बसले. अबू सामी लिहू लागला, अरबीत, उजवीकडून डावीकडे, आणि लिहीतच राहिला. चौकोन पुरेना, तेव्हा थळकर उठले आणि त्यांनी चौकोनाची रेघ पुसून पुढे सरकवली. दोघं काहीतरी म्हणाले आणि हसले. दार उघडंच होतं. मी आत गेलो नाही.

स्टेडियम पुरं झालं, सामने तोंडावर आले, आणि थळकरांची निवृत्ती आली. सामने बघायला थांबा म्हटलं तर म्हणाले, "मला फुटबॉल कळत नाही हो. मला तर रेफ्री कोणाच्या हाताखाली असतो तेच बघावंसं वाटतं." काम सुखरूप पार पडावं म्हणून त्यांनी नवस बोलला होता. जाण्याआधीच्या एका शुक्रवारी सकाळी ओल्ड एअरपोर्टच्या आपल्या खोलीवर त्यांनी मलिदा केला: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळांचे काप आणि दळवींच्या दुकानातले खजूर. दळवी होते, अबू सामी होता. मी क्षमा मागायची ठरवून गेलो होतो. वाटेत गाडीत वाक्यं जुळवली होती.

"थळकर, त्या बैठकीला मी..."

"आधी खा," त्यांनी माझ्या हातावर मूठभर पोहे ठेवले. "मलिदा हातात घेऊन बोलायचं नसतं."

मी खाल्लं. तोवर दळवी आणि अबू सामी खजुरावरून वाद घालू लागले, रायगडचा माणूस खजुरातलं काय जाणतो म्हणून, आणि थळकर मधे पडले. क्षण गेला. मी नंतर बोलू म्हटलं. विमान त्याच दुपारी नव्हतं, दोन दिवस होते. ते दोन दिवस मी ऑफिसच्या कामात घालवले, असं मी स्वतःला सांगितलं.

शेवटचं पाहिलं ते त्यांना सोडायला गेलो तेव्हा. अबू सामी बॅगा गाडीत ठेवत होता. खोली रिकामी झाली होती. थळकर खाली आले, गाडीचं दार उघडलं, आणि थबकले. "एक मिनिट, यल्ला यल्ला, चला चला करू नका," असं म्हणून जिना चढून परत वर गेले. मी मागोमाग गेलो, काही राहिलं असेल म्हणून. ते दाराशी उभे होते. रिकाम्या खोलीच्या चौकटीला हात लावला, ओठांशी नेला. इतकी वर्षं त्यांना आत येताना हात लावताना पाहिलं होतं. निघतानाही लावतात, हे मला तेव्हा कळलं. मी इतक्या जवळ होतो की बोलता आलं असतं. मी म्हणालो, "चला, उशीर होतोय."

वर्ल्डकप संपल्यावर अबू सामी भारतात आला. दळवींनी त्याला थळला नेलं. मला फोटो पाठवला होता: अंगणात जुना घाणा, लाट नसलेला, त्याच्या कडेवर दोन म्हातारे बसलेत, आणि थळकर बोटाने हवेत गोल काढून काहीतरी सांगताहेत. दळवींनी खाली लिहिलं होतं, 'गाढव कुठल्या बाजूने, यावर अजून एकमत नाही.'

आता थळच्या वाचनालयाने त्यांच्यावर एक सभा ठेवली आहे. अबू सामी दोह्याहून व्हिडिओवर बोलणार आहे, फळा घेऊन, त्याच तक्त्यावर. सुरुवातीला थळकरांचा परिचय करून द्यायला त्याने माझं नाव सुचवलं. त्याला मराठी येत नाही, त्या दिवशी मी काय म्हणालो होतो ते त्याला कळलं नव्हतं; की कळलं होतं, आणि म्हणूनच सुचवलं, कोण जाणे. मी हो म्हटलं आहे. काय बोलायचं ते लिहून काढलं. थळकर, हे तुमच्यासमोर, मदिनत खलीफातल्या त्या दिवाणखान्यात म्हणायचं होतं:

"मंडळी, आजचे वक्ते श्री. मोझेस थळकर. हे अलिबागजवळच्या थळचे. हे ज्यू आहेत, बेने इस्राएल, आपल्या कोकणातले शनिवार तेली. यांच्या आजोबांनी ज्या संघटनेची वर्गणी भरली, तिची हकीकत ते सांगणार आहेत, चुकलेल्या चौकोनासकट. मी यांचा मित्र आहे. मी आता बाजूला होतो."